पूलच्या, म्हणजे टेबलावर क्यूने बॉल पॉकेटमध्ये घालायच्या खेळाच्या, स्पर्धांना खेळाडू का कमी होत चाललेत? हौशी स्पर्धांनी खरंच काही फरक पडतो का?

पडतो. नाही म्हणणाऱ्यांनी स्वतः कधी ड्रॉ लावून सामने खेळवलेले नसतात, एवढं खात्रीने सांगतो.

मी हौशी नाइन-बॉल स्पर्धा भरवतो. पूलच्या या प्रकारात ९ नंबरचा बॉल घालेल तो रॅक, म्हणजे एक डाव, जिंकतो. आधी हे काम आमच्यातले एक जुने खेळाडू करायचे. हात सोन्याचा, पण हट्ट एकच: हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला दिलेली सवलत, ही भीक. सगळ्यांना सारखी एंट्री फी, सरळ बाद फेरी, रेस टू ७ (आधी ७ रॅक घेईल तो विजयी), रॅक जिंकेल त्याचाच पुढचा ब्रेक, म्हणजे डाव उघडणारा पहिला फटका. ऐकायला अगदी न्याय्य. प्रत्यक्षात एखादा नवा मुलगा काम आटोपून धावतपळत यायचा आणि पहिल्याच फेरीत समोर हेच गृहस्थ. ब्रेक, रनआउट (एकाच पाळीत अख्खा डाव संपवणं), पुन्हा ब्रेक. पोरगं खुर्चीत बसून क्यूला खडू घासतंय, टेबलाजवळ जायची वेळच येत नाही. ७-०, चला घरी. असा मुलगा परत कशाला येईल? आणि वर हे गृहस्थ ऐकवणार, "हल्लीच्या पोरांत चिकाटी नाही."

चिकाटीचा काय संबंध? हिशेब करा. फार्गोरेट या खेळाडूंच्या रेटिंग पद्धतीत १०० गुणांचा फरक म्हणजे सरस खेळाडू तीनपैकी दोन रॅक घेणार. अशा दोघांना रेस टू ७ खेळवा. कच्चा खेळाडू दहात जेमतेम एकदा जिंकतो. फरक २०० असेल तर शंभरात एकदासुद्धा नाही. पण १०० च्या फरकाला कच्च्याला ७ ऐवजी ४ रॅक पुरे असं ठरवलं, की तो शंभरात ४४ वेळा जिंकू शकतो. तरी पारडं सरस खेळाडूकडेच झुकलेलं आहे, मग भीक कसली?

मी पहिल्यांदा हँडिकॅप लावला तेव्हा नेमके हेच गृहस्थ एका नव्या मुलासमोर आले. ६-३, म्हणजे दोघांनाही एकेकच रॅक हवा. यांचा ९ नंबर कोपऱ्याच्या पॉकेटच्या तोंडाशी अडकून राहिला आणि पांढरा बॉल टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेला. मुलगा दोनदा वाकला, दोनदा उठला, आणि तिसऱ्यांदा घातला. यांनी क्यू उघडून पिशवीत टाकला आणि म्हणाले, "मला याने नाही, तुझ्या कागदाने हरवलं." हात न मिळवताच गेले. तो मुलगा मात्र आजही येतो, सोबत मित्रांना आणतो.

बाकी कारणं तुम्हाला ठाऊक असतीलच. १९६१ च्या 'द हसलर' आणि १९८६ च्या 'द कलर ऑफ मनी' या पूलवरच्या सिनेमांनी गर्दी खेचली, ती टिकली नाही. नऊ फुटी टेबल जागा खातं, भाडं परवडत नाही, हॉल बंद होतात. वर पैसा नाही असं नाही. २०२४ ची जागतिक नाइन-बॉल स्पर्धा जेद्दाला १० लाख डॉलरच्या बक्षिसांची झाली. पण त्याने खालचा माणूस क्यू उचलत नाही. अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन एवढी मोठी हौशी लीग झाली ती हँडिकॅपवरच. एट-बॉल या पूलच्या दुसऱ्या प्रकाराला तिथे खेळाडूंच्या २ ते ७ अशा पातळ्या आहेत.

हां, लबाडी होते. मुद्दाम हरून रेटिंग खाली ठेवणारे असतात, त्यांना ओळखून वर चढवावं लागतं आणि त्यावरून भांडणं होतात. हँडिकॅपशिवायची खुली स्पर्धाही हवीच, फक्त ती एकटी नको.

भरवणार असाल तर डबल एलिमिनेशन ठेवा, म्हणजे दोनदा हरल्यावरच बाद, ब्रेक आलटूनपालटून द्या, आणि पहिला सामना हरलेल्यांना टेबलासाठी ताटकळत ठेवू नका. माणसं तिथेच निघून जातात.