वाचक विचारतात: ड्रॉवरवर ए, बी, सी कशाला?

प्रश्न: नमस्कार, सध्या मुलाकडे लेस्टरला आलेय. इथल्या एका जुन्या जमीनदाराच्या घरात महोगनीचं गोल टेबल बघितलं, कडेने ड्रॉवर आणि प्रत्येकावर इंग्रजी अक्षरं. गाईड म्हणाली रेंट टेबल. तसंच एक लिलावात आलंय आणि मुलगा घ्यायचं म्हणतोय. घ्यावं का?

उत्तर: ताई, आधी ते कशासाठी केलं ते सांगते, मग घ्यायचं की नाही ते तुम्हालाच कळेल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही टेबलं चालू झाली. इंग्लंडात खंड भरायचे ठरलेले दिवस म्हणजे 25 मार्च, 24 जून, 29 सप्टेंबर आणि 25 डिसेंबर, त्या दिवशी कुळं रांगेने यायची आणि कारभारी खुर्चीतून न उठता टेबलाचा वरचा भाग फिरवायचा, आडनावाचं अक्षर समोर आलं की ड्रॉवर उघडून त्या कुळाचे कागद काढायचा. खाली चौकोनी कपाट, त्यात जाड हिशोबाच्या वह्या. काही टेबलांना मधोमध झाकणाचा कप्पा असतो, पैसे टाकायला. किती विचार करून केलंय बघा, अख्खी कचेरी एका टेबलात!

(मुलाचं टॅक्स वर्ष 6 एप्रिलला सुरू होतं ना, त्याचं मूळही त्या 25 मार्चमध्येच आहे, 1752 ला कॅलेंडर बदलताना 11 दिवस गाळले आणि तारीख पुढे सरकली.)

आता लिलावाचं. साधं गोल ड्रॉवरवालं टेबल घेऊन त्यावर नंतर अक्षरं बसवली की भाव वाढतो, त्यामुळे नुसत्या अक्षरांवर अजिबात जाऊ नका. टेप घेऊन जा आणि वरची फळी लाकडाच्या रेषांच्या दिशेने मोजा, मग आडवी मोजा. लाकूड आडवं आकसतं, म्हणून जुनी गोल फळी सहसा आडवी थोडी कमी भरते, दोन्ही मापं तंतोतंत सारखी आली तर मला तरी शंका येईल. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून कोपऱ्याचे सांधे बघा, हाताने कापलेले थोडे कमीजास्त असतात. आणि अक्षरं हस्तिदंताची आहेत का ते लेखी विचारा, कारण ब्रिटनच्या 2018 च्या कायद्याप्रमाणे 1947 आधीच्या वस्तूत हस्तिदंत 10 टक्क्यांपेक्षा कमी असला तरी विकायच्या आधी नोंदणी लागते. हाडाची असतील तर तो प्रश्न नाही, हाडात बारीक काळे ठिपके दिसतात. पुढे भारतात न्यायचा विचार असेल तर हस्तिदंतवालं सरळ सोडून द्या.

या सगळ्यात पास झालं आणि घरात जागा असेल तर जरूर घ्या, वापरात ठेवा.

प्रश्न: वेलिंग्टन चेस्ट पण कागदांसाठीच का?

उत्तर: कागद, नाणी, शंखशिंपल्यांचे संग्रह, सगळ्यासाठी. उंच, अरुंद, बहुतेक सहा ते आठ ड्रॉवर, आणि बाजूला बिजागरीची एक उभी पट्टी, ती बंद करून एकच कुलूप लावलं की सगळे ड्रॉवर बंद. नाव ज्या ड्यूकचं तो म्हणजे 1803 ला आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला मराठ्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली. घेताना ती पट्टी आणि बिजागऱ्या मूळच्या आहेत का एवढं नक्की बघा.