पिंग जातंय, तरी दूरच्या मायएसक्यूएल डेटाबेस सर्व्हरला जोडता येत नाही. गडबड कुठे असेल? आणि जोडलं तरी मध्येच का तुटतं?

पिंगचं नाव काढलंत म्हणून लिहायला बसलो. पिंग गेलं म्हणजे पलीकडचं मशीन जिवंत आहे, बस्स. ३३०६ पोर्ट (मायएसक्यूएल ज्या दारावर ऐकतं ते) उघडा आहे की बंद, ते पिंगला कळत नाही. त्यात पोर्ट हा प्रकारच नसतो. हे आमच्या अण्णांना कोण सांगणार?

निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीचं स्टॉकचं सॉफ्टवेअर मी बेळगावात बसून सांभाळतो. डेटाबेस भाड्याच्या सर्व्हरवर. एका सकाळी फोन आला, एकही पावती निघत नाही, गाड्या काट्यावर उभ्या. मागून अण्णांचा आवाज, "पिंग जायलंय की! त्याच्या सॉफ्टवेअरातच घोळ आहे बघा." अण्णा म्हणजे तिथलं वायरिंग, कॅमेरे आणि नेट बघणारे. मी इथूनच बघितलं असतं, पण मॅनेजरना माणूस समोर हवा होता. गेलो बसनं.

विंडोजचं पॉवरशेल उघडून टेस्ट-नेटकनेक्शन चालवलं, सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट ३३०६ देऊन. वीसेक सेकंद काहीच नाही. मग पिंगसमोर ट्रू, आणि टीसीपीसमोर, म्हणजे पोर्टला जोडून बघण्यासमोर, फॉल्स. मी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. अण्णा म्हणाले, "वरची बघ की, ट्रू आहे न्हवं!"

ते ताटकळणंच महत्त्वाचं. रिफ्यूज्ड आलं असतं तर डेटाचं पाकीट पोचलंय पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही, असा अर्थ. मग सर्व्हिस चालू आहे का आणि बाइंड-अ‍ॅड्रेस १२७.०.०.१ वर अडकलाय का (म्हणजे सर्व्हर फक्त स्वतःच्याच मशीनवरून आलेलं ऐकतो), ते बघायचं. टाइमआउट म्हणजे बहुतेक वेळा वाटेतला फायरवॉल (नको ती जोडणी अडवणारा पहारेकरी) पाकीट गिळतोय. आमचा फायरवॉल फक्त वखारीच्या जुन्या आयपीला (नेटवरच्या पत्त्याला) आत सोडत होता, आणि आदल्या संध्याकाळी अण्णांनी नेटची लाइन बदलली होती. कुणाला न सांगता.

फायरवॉलमध्ये नवा आयपी टाकला, तर ११३० एरर आली, या होस्टला परवानगी नाही. मला हायसं वाटलं, कारण आता निदान खुद्द मायएसक्यूएल बोलत होतं. मॅनेजर मात्र हबकले, "मघाशी नुसतं फिरत होतं, आता लाल अक्षरं आली!" मायएसक्यूएलमधल्या युजरचा होस्ट (तो कुठून जोडू शकतो ते) बदलला आणि पावत्या सुरू झाल्या. तक्रारवहीत अण्णांनी लिहिलं: सॉफ्टवेअर दुरुस्त केले.

तुम्हाला कोणीतरी सांगेलच, होस्टच्या जागी टक्क्याची खूण (म्हणजे कुठूनही चालेल) टाक आणि पोर्ट सगळ्यांना उघड. करू नका. तो आळशीपणा आहे, आणि उघडा ३३०६ शोधत फिरणारे बॉट रात्रंदिवस जागे असतात. एसएसएच टनेल किंवा व्हीपीएन (दोन्ही म्हणजे सर्व्हरपर्यंतची कुलूपबंद वाट) घ्या, म्हणजे लाइन बदलली तरी फायरवॉलला हात लावावा लागत नाही. टनेलमधून जोडताना लोकलहोस्ट न लिहिता १२७.०.०.१ लिहा, नाहीतर लिनक्सवरचा क्लायंट टनेल सोडून त्याच मशीनवरच्या सॉकेटकडे जातो. (खरं सांगायचं तर टनेल मी त्या दिवसानंतरच बसवला. आधी मीही आयपीच्या यादीवरच भागवत होतो, हे अण्णांना सांगू नका.)

मध्येच तुटण्याचं म्हणाल तर वेट-टाइमआउट (रिकामी जोडणी मायएसक्यूएल किती वेळ ठेवतं ते) मुळात २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास असतो. त्याआधी तुटत असेल तर मी आधी राउटरवर संशय घेईन. रिकामी बसलेली जोडणी बरेच राउटर सोडून देतात.

वरचं सगळं मायएसक्यूएलचं. पोस्टग्रेस असेल तर पोर्ट ५४३२, आणि पीजी-एचबीए फाइल (कोणाला कुठून आत सोडायचं ते तिच्यात असतं) आधी उघडा.

आणि त्या ट्रू-फॉल्सच्या दोन ओळींचा स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवा, तक्रारवही कुणाच्या हातात जाण्याआधी.