२८० ई: डिस्ट्रिब्युटर खोलण्याआधी प्रेशर मोजून घ्या

दादा, तुम्ही लिहिलंय की निपाणीत घेतलेली मर्सिडीज २८० ई काही वर्षं उभीच होती. आता सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, पण एकदा गरम झाली की छान चालते. मेस्त्री म्हणतात, फ्युएल डिस्ट्रिब्युटरचा (प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल वाटून देणाऱ्या भागाचा) प्लंजर, म्हणजे आतला सरकता दांडा, गेलाय, बेळगावात उद्यमबागेत लेथवर पॉलिश मारून आणू. कृपा करून तेवढं करू नका.

प्लंजर अडकत असता तर गरम इंजिनही नीट चाललं नसतं. त्रास फक्त थंड असताना होतो, म्हणजे पहिला संशय वॉर्म-अप रेग्युलेटरवर, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पेट्रोल जास्त देणाऱ्या भागावर. तुमच्या गाडीतल्या के-जेट्रॉनिक या पेट्रोल इंजेक्शनच्या पद्धतीत प्लंजरच्या डोक्यावर पेट्रोलचा दाब असतो आणि तो हा रेग्युलेटर ठरवतो. इंजिन थंड असताना दाब कमी हवा, म्हणजे प्लंजर सहज वर जातो आणि पेट्रोल जास्त मिळतं. गाडी उभी राहिली की रेग्युलेटरच्या तोंडाची बारीक जाळी गंजाने तुंबते, दाब सुरुवातीपासूनच चढा राहतो आणि थंड इंजिन उपाशी राहतं.

हे गेज लावल्याशिवाय कळत नाही. ० ते १० बारचा गेज घ्या. डिस्ट्रिब्युटर आणि रेग्युलेटरच्या मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकून त्यावर गेज लावा, आणि बंद-चालू करायचा कॉक रेग्युलेटरच्या बाजूला ठेवा. उद्यमबागेतल्या हायड्रॉलिकवाल्यांकडे जुनं फिटिंग नमुन्याला न्या, त्या आट्याचा अडाप्टर ते करून देतात. रात्रभर गार झालेल्या गाडीत रेग्युलेटरचा वायरिंग सॉकेट काढा आणि नुसता पंप चालवा. कॉक बंद असताना सिस्टीम प्रेशर ५ बारच्या आसपास दिसायला हवं. कॉक उघडला की २० अंश तापमानाला साधारण १ ते २ बार. नेमका आकडा रेग्युलेटरवर कोरलेल्या बॉश नंबरप्रमाणे बदलतो, तक्त्यात बघून घ्या. सॉकेट परत लावला की काही मिनिटांत काटा चढत ३.५ बारच्या आसपास थांबतो. गार असतानाच ३ दाखवत असेल, तर दोष तिथेच आहे. जाळी साफ करा. हातोडीने रेग्युलेटरची पिन आत ठोकून दाब उतरवायचा प्रकार चालतो, पण पिन जास्त आत गेली तर रेग्युलेटर खोलल्याशिवाय मागे येत नाही.

त्याआधी टाकी रिकामी करा, नाहीतर साफ केलेली जाळी पुन्हा भरेल. आपल्याच उसाच्या पट्ट्यातलं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्के असतं आणि ते पाणी ओढतं. खानापूर-बेळगावच्या पावसाळ्यात उभ्या गाडीची टाकी आतून गंजणारच. होज आणि ओ-रिंग बदलताना व्हिटॉन या रबराच्या मागा. साधं नायट्राइल रबर स्वस्त पडतं, पण या पेट्रोलला माझा त्यावर भरवसा नाही.

इंजेक्टर डिझेल पंपवाल्याकडे द्यायचा विचार असेल, तर एक गोष्ट बघा. ती माणसं हुशार असतात, प्लंजर आणि तो ज्यात सरकतो त्या बॅरलची त्यांना जाण असते. पण त्यांच्या हातपंपाच्या टेस्टरचा गेज ४०० बारचा, आणि तुमचे इंजेक्टर ३ ते ४ बारला उघडतात. तिथे काटा हलल्याचंही दिसणार नाही. त्यापेक्षा सहाही इंजेक्टर सारख्या मापाच्या बाटल्यांत सोडा, एअर प्लेट (आत येणारी हवा मोजणारी तबकडी) थोडी सरकवून धरा आणि पातळ्या ताडून बघा. फवारा बारीक धुक्यासारखा पडला पाहिजे, धार किंवा थेंब नको. हे सगळं उघड्यावर करा आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा.

एवढं करूनही पातळ्यांत फरक राहिला, तरच डिस्ट्रिब्युटरकडे जा. तो वर उचलताना हात खालून लावा, कारण प्लंजर सरळ खाली निसटतो आणि फरशीवर आपटला की संपला. प्लंजर आणि बॅरल एकमेकांसाठी घासून जुळवलेली जोडी असते, पेट्रोल मोजणाऱ्या फटी जेमतेम ०.२ मिलीमीटर रुंद. पॉलिश पेपर फिरवला की ती जुळणी गेली, फटीत तार घातली की त्या सिलिंडरचं माप गेलं. चिकटला असेल तर क्लीनरमध्ये भिजत ठेवा, बोटांनी हळू फिरवा, पक्कड लावू नका. खोललाच, तर आतल्या स्प्रिंगा ज्या-त्या सिलिंडरच्या क्रमाने मांडा आणि पातळ पोलादी डायफ्रामला (पडद्याला) चुणी पडू देऊ नका.

मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) ३ मिलीमीटरचा ॲलन स्क्रू तोवर हलवू नका. दाब जागेवर आल्यावर, गरम इंजिनावर, थोडा-थोडा फिरवा. ॲलन चावी त्या स्क्रूत असताना ॲक्सिलरेटर देऊ नका. गार असतानाचा आणि गरम झाल्यावरचा दाब, आणि रेग्युलेटरचा नंबर, एवढं इथे लिहा. पुढचं त्यावरून सांगतो.