काकांच्या काळ्या सिटीचा भाव

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

बाबांच्या मित्राची, म्हणजे तुझ्या काकांची, सात वर्षं वापरलेली काळी होंडा सिटी, आणि पैसे घेऊन करायचं तुझं पहिलं पेंट करेक्शन, म्हणजे रंगावरचे बारीक ओरखडे मशीनने पॉलिश करून काढायचं काम. प्रश्न एकच विचारलायस: किती सांगू? आकडा देतो, पण तो कसा निघतो ते आधी वाच. भाव ओळखीवरून काढायचा नसतो. तो बॉनेटवरच्या दोन फुटांच्या चाचणीवरून निघतो. तोवर काकांना फोनवर काहीच बोलू नकोस, ते "अंदाजे तरी सांग" म्हणाले तरी. ओळखीच्या माणसाच्या डोक्यात अंदाज हाच पक्का भाव होऊन बसतो, आणि गाडी पाहिल्यावर तो वाढवला तर शब्द फिरवल्यासारखं दिसतं. "काका, गाडी धुऊन नीट बघू द्या, मग ठरवू," एवढंच म्हण.

बघायची म्हणजे धुऊनच बघायची. धुळीखाली काहीच कळत नाही. शाम्पूने धुवून, कोरडी करून, सावलीत घे आणि एकच प्रखर टॉर्च तिरकी धरून पॅनलमागून पॅनल तपास. काळ्या सिटीवर काय दिसेल ते आत्ताच सांगता येतं: सकाळी गाड्या पुसणारा एकाच बादलीत, एकाच फडक्याने पंधरा गाड्या पुसतो, त्याचे गोल गोल बारीक ओरखडे सगळीकडे असतील. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी वाळून पडलेले पांढरे डाग बॉनेटवर, छतावर आणि डिकीवर असतील. हँडलमागच्या खोबणीत नखांचे ओरखडे असतील. प्रत्येक ओरखड्यावरून नख आडवं फिरव. नख अडकलं तर तो पॉलिशने जाणार नाही. कडा थोड्या बोथट होतील, इतकंच. अशा प्रत्येक ओरखड्याचा जवळून फोटो काढ आणि काकांना त्याच वेळी दाखव. काम झाल्यावर दाखवलेला जुना ओरखडा नवा वाटतो, ही माणसाच्या नजरेचीच गोष्ट आहे, त्यात काकांचा दोष नाही.

पाण्याच्या डागांवर साधं पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान करून फडक्याने मिनिटभर ठेव, मग धू. डाग गेला तर तो वर बसलेला क्षार होता. तरीही खड्ड्यासारखा गोल ठसा राहिला तर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, खाल्ला गेलाय. असे ठसे खोदत बसलं तर क्लिअर संपतो आणि ठसा राहतोच. ते सोडायचे आणि सोडले म्हणून सांगायचे.

आता जाडी. पेंट गेज, म्हणजे रंगाची जाडी मोजायचं यंत्र, विकत घेणं जमत नसेल तर दोन दिवसांसाठी कुणाकडून तरी आण, पण त्याच्याशिवाय भाव सांगू नकोस. कारखान्यातून आलेल्या रंगाची एकूण जाडी बहुतेक गाड्यांवर साधारण ९० ते १४० मायक्रॉन असते. त्यात वरचा क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, आणि साधं गेज फक्त एकूण जाडी सांगतं, थर वेगळे करून दाखवत नाही. प्रत्येक पॅनलवर निदान पाच जागी मोज आणि वहीत लिही. एखादं दार १८० ते ३०० दाखवत असेल तर ते पुन्हा रंगवलंय, पाचशेच्या वर गेलं तर खाली पुट्टी आहे. पुन्हा रंगवलेलं दार मशिनखाली कसं वागेल त्याचा भरवसा नाही. कधी लोण्यासारखं मऊ निघतं. उलट एखादी जागा ८० च्या खाली दिसली तर आधी कुणीतरी रबिंग करून रंग घासलेला असण्याची शक्यता मोठी, तिथे कंपाउंड, म्हणजे जास्त कापणारं पॉलिश, लावायचंच नाही. बंपर प्लॅस्टिकचे, त्यांच्यावर साधं गेज चालत नाही. तिथे हात हलका ठेव. हलकं पॉलिश क्लिअरचा एखादा मायक्रॉन घेतं, कंपाउंड दोन-चार. म्हणजे गाडीच्या आयुष्यात हे काम मोजक्याच वेळा करता येतं. काकांची गाडी तू एकदाच करणार असशील, पण तिच्यावर याआधी काय झालंय ते तुला माहीत नाही.

मग टेस्ट स्पॉट, म्हणजे छोट्या जागी आधी करून बघणं. बॉनेटच्या एका बाजूला दोन फूट बाय दोन फूट चौकोन टेपने आख. आधी क्ले, म्हणजे कण उचलणारी चिकट मातीसारखी वडी, फिरवून घे, नाहीतर रंगावर चिकटलेला कण पॅडखाली येऊन नवे ओरखडे पाडेल. सुरुवात सगळ्यात सौम्य जोडीने: मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, मशीन कमी वेगावर ठेवून पसर, मग वेग चार किंवा पाचवर ठेवून सहा वेळा फिरव, एक पट्टा दुसऱ्यावर अर्धा चढवत, हात सावकाश. पुसून, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चार-पाच भाग पाणी मारून पुन्हा पूस, कारण पॉलिशमधलं तेल ओरखडे भरून लपवतं. टॉर्च मार. पुरेसं गेलं नसेल तर आधी पॅड बदल, मग पॉलिश, एका वेळी एकच गोष्ट. होंडाचा रंग मऊ असतो, काळा तर फारच. त्यामुळे कदाचित मधल्या फोम पॅडवरच काम होईल. पण मऊ रंगावर तिखट कंपाउंड आणि मायक्रोफायबर पॅड लावलं तर मागे धुकट पट्टा राहतो आणि तो काढायला दुसरी फेरी, म्हणजे पूर्ण गाडीवर पुन्हा एकदा मशीन, अटळ होते. एका फेरीत भागतंय की दोन लागतात, हे या चौकोनात कळतं. किंमत जवळजवळ दुप्पट होते ती इथे.

तास कसे मोजायचे ते नीट समजून घे, कारण पहिल्या कामाला सगळे इथेच फसतात. सिटीएवढ्या गाडीचा रंगवलेला भाग दीड फुटी चौकोनांत विभागला तर साधारण पन्नास तुकडे होतात. एका तुकड्याला पॉलिश पसरणं, मशीन फिरवणं, पुसणं, टॉर्च आणि पॅड ब्रशने साफ करणं धरून सहा-सात मिनिटं. म्हणजे एका फेरीला पाच-सहा तास, आणि कंपाउंडच्या फेरीत बऱ्याच तुकड्यांवर दोनदा जावं लागतं, तिथे आठ. धुलाई, रंगात रुतलेले लोखंडी कण काढणारं रसायन, डांबर काढणं आणि क्ले मिळून अडीच तास. टेपिंग आणि मोजमाप एक, टेस्ट स्पॉट एक, शेवटचं पुसणं, फटीतली पांढरी पूड काढणं आणि सीलंट, म्हणजे रंगावरचा संरक्षक लेप, दीड. दोन फेऱ्यांच्या कामात फिनिशिंगला चार तास धर, पॅनल आधीच सपाट झालेलं असतं. एकूण अठरा. म्हणजे दोन पूर्ण दिवस, तीन सांगून ठेव. सरावलेला माणूस हेच बारा तासांत करेल. त्या फरकाचा भार काकांवर टाकायचा नाही, म्हणून तासाचा दर कमी ठेव. तासांचा आकडा मात्र खराच लिही.

आता हिशेब. खालचे दर तुझ्या पावत्यांवरून बदल, रीत हीच ठेव. कंपाउंड २०० मिली आणि पॉलिश १२० मिली, मिलीला ४ रुपये धरून १,२८० रुपये. पॅड सहा लागतील, कारण गरम आणि भिजलेलं पॅड कापत नाही, ते बदलत राहावं लागतं. एक ७०० चं, चार गाड्या टिकेल, म्हणजे या गाडीच्या वाट्याला १,०५०. लोखंडी कणांचं रसायन आणि क्ले ४५०. मायक्रोफायबर फडक्यांची झीज २५०. शाम्पू, टेप, आयसोप्रोपिल मिळून २५०, सीलंट २००. सामान झालं ३,४८० रुपये. मशीनची झीज आणि वीज ५००. अठरा तास, तासाला २५० प्रमाणे ४,५००. बेरीज ८,४८०. यावर दहा टक्के जोखमीचे, ८५० च्या आसपास. म्हणून दोन फेऱ्यांचा भाव ९,३०० रुपये.

जोखमीचे दहा टक्के वगळू नकोस. बॉनेटच्या कडेला, दाराच्या उभ्या घडीवर क्लिअर सगळ्यात पातळ असतो, आणि मशीन तिथे दोन सेकंद जास्त थांबलं की खालचा रंग उघडा पडतो. मग ते पॅनल रंगवून देणं तुझ्याकडे येतं, आणि एका पॅनलच्या रंगकामात या कामाची अर्धीअधिक कमाई जाईल. कडांवर टेप लाव, तिथे पॅड सपाट ठेव, वेग उतरव. पॅड बसतं त्या बॅकिंग प्लेटवर मार्करने एक रेघ ओढून ठेव. डीए मशीन (पॅड फिरवत फिरवत थरथरवणारं पॉलिशर) चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. दिसत नसेल तर तू जास्त दाबलंयस आणि पॅड नुसतं थरथरतंय, कापत काहीच नाही.

सवलत द्यायची का? द्यायची, ओळख आहे तर द्यावीच. पण आधी पूर्ण भाव लिहायचा, त्याखाली सवलत, त्याखाली द्यायची रक्कम. थेट कमी आकडा सांगितलास तर काकांना ती सवलत दिसतच नाही, आणि त्यांनी पाठवलेला पुढचा माणूस त्याच आकड्याला हक्काने येतो. सवलत फक्त मजुरीतून, फार तर तिच्या एक तृतीयांश. इथे १,५००, म्हणजे ७,८००. सामान, मशीन आणि जोखीम मिळून ४,८३० होतात. त्याच्या खाली उतरलास तर काकांच्या गाडीचं सामान तुझ्या खिशातून येतंय. फुकट तर मुळीच नको. फुकट कामात काका संकोचाने तक्रार करणार नाहीत, तूही संकोचाने अर्धं सोडणार नाहीस, आणि अठराचे तीस तास होतील.

खरं सांगायचं तर मी काकांना दोन फेऱ्या सुचवणारच नाही. रोज ऑफिसला जाणारी, उघड्यावर उभी राहणारी गाडी आहे. एका फेरीत गोल ओरखड्यांतले साठ-सत्तर टक्के जातात, काळा रंग पुन्हा खोल दिसतो आणि क्लिअर शिल्लक राहतो. अकरा तासांची मजुरी २,७५०, सामान २,५७० च्या आसपास, मशीन ३००, वर दहा टक्के: ६,२०० रुपये. सवलतीनंतर ५,३०० सांग. कमी पैशांत काम हवं असेल तर काम कमी करायचं, हेच त्यातलं सरळ उत्तर. दोन्ही पर्याय समोर ठेव, निवड त्यांची.

"नाक्यावरचा माणूस पंधराशेत रबिंग करून देतो" हे ऐकायची तयारी ठेव. त्याला नावं ठेवू नकोस. रोटरीवर, म्हणजे नुसतं गोल फिरणाऱ्या मशीनवर, लोकरी पॅड, तिखट कंपाउंड, वरून ओरखडे लपवणारं तेलकट ग्लेझ, असं ते दोन तासांचं काम असतं. तीन-चार धुलाया झाल्या की ग्लेझ उतरतं आणि उन्हात इंद्रधनुषी पट्टे दिसतात. हे सांगण्यापेक्षा आयसोप्रोपिलने पुसलेला टेस्ट स्पॉट दाखव. तेल पुसूनही टिकलेली चमक त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

ओळखीच्या माणसाच्या कामात पैसा खरा गळतो तो "जाता जाता" मध्ये. जाता जाता हेडलाईट पण कर, सीटवरचा चहाचा डाग बघ, त्या दारावरचा पोचा निघतो का बघ. पिवळा हेडलाईट नीट करायचा तर ८०० पासून ३००० नंबरपर्यंतचे घासायचे कागद, पॉलिश आणि वर यूव्ही कोट लागतो, दोन दिव्यांना दीड-दोन तास. प्रत्येकाचा वेगळा दर आधीच लिहून ठेव, म्हणजे "हो काका, होईल, त्याचे इतके" हे वाक्य तोंडात तयार असेल.

ठरल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर एकच मेसेज पाठव. साधा, असा: "काका, होंडा सिटी, एका फेरीचं पेंट करेक्शन. धुलाई, क्ले, मशीन पॉलिश, सीलंट. बारीक गोल ओरखडे ६० ते ७० टक्के कमी होतील. नख अडकणारे ओरखडे आणि बॉनेटवरचे खोल डाग राहतील, फोटो पाठवले आहेत. मागचं डावं दार पूर्वी रंगवलेलं आहे, तिथे फक्त हलकं काम. दरवाज्यांमधल्या चकचकीत काळ्या पट्ट्या, हेडलाईट आणि आतली सफाई यात नाही. भाव ६,२००, सवलत ९००, द्यायचे ५,३००. सामानासाठी २,५०० आधी, बाकी गाडी घेताना. गाडी दोन दिवस लागेल." त्यांचं "ठीक आहे" आल्यावरच सामान आण.

जागेचंही आधी बघ. सोसायटीच्या पार्किंगमधला प्लग वापरायचा तर सेक्रेटरींना विचार, आणि वायर जाड घे, बारीक वायर तासाभरात तापते. ऊन लागलेल्या पत्र्यावर हात ठेववत नसेल तर पॉलिश जागच्या जागी वाळून पूड होते. उन्हाळ्यात सकाळी लवकर सुरू कर. पावसाळ्यात उलट, सीलंट वाळायला वेळ जास्त धर.

गाडी देताना काकांना उन्हात नेऊन दाखव, आधीचे फोटो हातात ठेव, राहिलेले ओरखडे तूच बोटाने दाखव, आणि बाकीचे पैसे तिथेच घे. दोन स्वच्छ मायक्रोफायबर आणि शाम्पूची छोटी बाटली सोबत दे, आणि पुसणाऱ्याला कोरडं पुसू देऊ नका असं बजाव, नाहीतर काळ्या रंगावर पंधरा दिवसांत तेच गोल उमटतील. घरी आल्यावर वहीत प्रत्येक टप्प्याला लागलेले खरे तास आणि उरलेलं कंपाउंड मोजून लिही. पुढच्या गाडीचा भाव त्या पानावरून काढायचा आहे.

कळावे.