इन्सर्टची धार तुटते ती ब्रशमुळे

तुम्ही लिहिलंय की लेथवर माइल्ड स्टील कापताना धूर दिसला की ब्रशने कूलंट लावता, तरी कार्बाइड इन्सर्टची (टूलच्या टोकाला बसवलेल्या कठीण तुकड्याची) धार तुटते, आणि ड्रिलही निळं पडतंय. तुमचा प्रश्न: मग बदलून कोणतं कूलंट घेऊ? कूलंट आहे तेच राहू द्या, आधी ब्रश बाजूला ठेवा.

कार्बाइड उष्णतेला घाबरत नाही. एचएसएस (हाय स्पीड स्टील) साधारण 600 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतं, कार्बाइड त्याच्या बरंच पुढे कडक राहतं. पण ते ठिसूळ आहे. धार लालबुंद होण्याच्या बेताला आली असताना तिच्यावर गार थेंब पडला की वरचा थर झटक्यात आकुंचन पावतो, आतला तसाच फुगलेला असतो आणि तडा जातो. हे दहा-वीस वेळा झालं की तुकडा उडालाच. म्हणून कार्बाइडला दोनच मार्ग: एकतर पूर्ण कोरडं, नाहीतर टूल जॉबला (कापायच्या तुकड्याला) लागण्याआधी सुरू झालेली आणि टूल बाहेर येईपर्यंत न थांबणारी कूलंटची भरपूर धार. मिलिंगमध्ये (फिरत्या दातेरी कटरने कापताना) दात आत-बाहेर करताना आपोआपच गरम-गार होतो, म्हणून तिथे मी स्टील कोरडंच कापतो, फक्त हवेने चिप्स उडवतो.

एचएसएसची गोष्ट उलटी. एचएसएस येण्याच्याही आधी, 1880च्या दशकात, अमेरिकन इंजिनिअर फ्रेडरिक टेलर यांनी मिडवेल स्टील या कारखान्यात तेव्हाच्या स्टीलच्या टूलवर पाहिलं की चिप सुटते नेमक्या त्या जागी पाण्याचा जोरदार प्रवाह सोडला, तर कापण्याचा वेग 30 ते 40 टक्के वाढवता येतो. तुमचं एचएसएसचं ड्रिल निळं पडतंय ते उष्णता निघून जात नाही म्हणून. ड्रिलला ब्रश, थेंब, काहीही चालेल. फक्त थोडं खोल गेलं की बाहेर काढून चिप्स मोकळ्या करा, नाहीतर तेल टोकापर्यंत पोचतच नाही.

टॅपिंग (भोकात आटे पाडणं) आणि रीमिंगमध्ये (भोक नेमक्या मापाचं करणं) वेग कमी, उष्णता कमी, घर्षण मात्र खूप. तिथे पाण्यातलं कूलंट कामाचं नाही, घट्ट कटिंग ऑइल हवं. अ‍ॅल्युमिनियम धारेला चिकटतं, त्याला थोडं रॉकेल पुरतं (ठिणगी आणि ज्योत लांब ठेवून). बीड (कास्ट आयर्न) कोरडंच, त्यातलं ग्रॅफाइट वंगणाचं काम करतं आणि कूलंट घातलं तर भुशाचा नुसता चिखल होतो. मॅग्नेशियमजवळ पाणी अजिबात नको, पेटलेल्या चिप्सवर तर मुळीच नको.

टाकीतलं कूलंटचं मिश्रण करताना पाण्यात तेल ओता, तेलात पाणी नाही. उलट केलंत तर ते फाटतं. साध्या कामाला 5 ते 10 टक्के तेल. पाणी उडून जातं, तेल मागे राहतं, तेव्हा नुसत्या अंदाजाने भर घालू नका, रिफ्रॅक्टोमीटरने (तेलाचं प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणाने) बघा. त्यावरचा आकडा डब्यावर दिलेल्या गुणकाने गुणायचा, हे बरेच जण विसरतात. सुट्टीनंतर टाकीला कुजका वास आला, तर वर तरंगणारं स्लाइडवेचं (मशीनच्या सरकत्या भागांचं) तेल आधी काढा. त्या थराखाली हवा पोचत नाही आणि जिवाणू माजतात. तो वास अंगावर काढू नका, हातांना खाज त्यातूनच सुरू होऊ शकते.

आता तुटलेला इन्सर्ट भिंगाखाली धरा. धारेला काटकोनात, कंगव्याच्या दातांसारखे तडे दिसले तर कारण ब्रशच. तसे नसतील तर टूल किती बाहेर काढून बांधलंय ते मोजून इथे कळवा. मग थरथर शोधावी लागेल.