सही करण्याआधी आईला विचारा

प्रश्न: मी मूळची करवीर तालुक्यातली. लग्नानंतर आम्ही मँचेस्टरला स्थायिक झालो. एकच मुलगी, अकरा वर्षांची. गावी आई-आबा आणि तिशीला टेकलेला धाकटा भाऊ. साडेतीन एकर ऊस, चार म्हशी. भावाचं लग्न जमत नाही. रविवारी व्हिडिओ कॉल लावला की आबांचं एकच: "पोरी शिकल्या आणि पोरास्नी पोरी मिळंनात." मग शिरोलीत बाहेरची माणसं कशी भरलीत, आपली कशी कमी होत चाललीत, तुम्ही एकावर का थांबलात, हे सगळं ओघानं येतं. त्यावरून आबांचं आणि माझ्या नवऱ्याचं वाजतं. आता आबांनी जमिनीतला माझा हिस्सा सोडण्याच्या हक्कसोडपत्राचा मसुदा व्हॉट्सअॅपवर पाठवलाय. दिवाळीत आलीस की सही करून टाक म्हणतात. "तुला काय कमी हाय तिकडं?" नवराही म्हणतो, देऊन टाक, आपल्याला कुठं शेती करायचीय. मला जमिनीचा मोह नाही, तरी सहीला हात होत नाही. परवा मुलीनं विचारलं, "शेतावर मामाचं नाव लागणार, मग तुझं का नाही?" मला उत्तर देता आलं नाही. माझं काही चुकतंय का?

उत्तर: ताई, तुमचं काही चुकत नाही. तुमच्या घरात लोकसंख्या, पैसा आणि बाईची जागा हे तीन विषय एकमेकांत मिसळलेत आणि तिन्हींवर तोडगा म्हणून आबांनी तुमची सही पुढं केलीय. म्हणून ते आधी सुटे करू.

पोरी शिकल्या हे खरं. पोरांना पोरी मिळत नाहीत हेही खरं. पण एकामुळं दुसरं झालं, हे खरं नाही. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८३९ मुली होत्या. त्या वेळची ती बाळं आज पंचविशी-तिशीत आहेत, म्हणजे नेमकी तुमच्या भावाची पिढी. त्याच्यासाठी ज्या घरांत स्थळ शोधलं जातंय, त्यातल्या कितीतरी घरांत मुलगी जन्मालाच येऊ दिली गेली नाही. आणि हे गरिबीमुळं झालेलं नाही. हे घडलं ते ओलिताखालच्या सधन ऊसपट्ट्यात, सोनोग्राफीचे पैसे सहज मोजू शकणाऱ्या घरांत. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ सालीच झाला होता, तरी हे चालू राहिलं. पुढं लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं, प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं उपकरण बसवावं लागलं, तेही याच जिल्ह्यात.

मुलगी नको होती ती कशासाठी? हुंडा, आणि जमिनीला वाटेकरी. हक्कसोडपत्रामागंही तोच विचार आहे की जमीन मुलग्याचीच. त्या विचारानं तुमच्या भावासाठीच्या मुली आधीच कमी केल्या, आणि आता त्याच विचारानं बहिणीचं नाव काढून त्याचं लग्न जमेल अशी आबांची समजूत आहे. हे मी त्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. मुलाच्या लग्नाची काळजी लागलेला बाप आहे तो, त्याची झोप उडालेली असणार. पण कारण चुकीचं धरलं की औषधही चुकीचंच दिलं जातं.

ज्या मुली आहेत, त्या शेतकरी स्थळाला नकार का देतात, हे तुम्हाला मँचेस्टरमध्ये बसूनही कळेल. तुमच्या आईचा दिवस आठवा. पहाटे उठून शेण काढायचं, वैरण टाकायची, धारा काढायच्या, किटली घेऊन दूध संस्थेत रांगेला उभं राहायचं, फॅट लागली की चिठ्ठी घेऊन परत यायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. दहा दिवसांनी बिल निघतं ते आबांच्या नावावर, कारण संस्थेचे सभासद ते. कारखान्याचं उसाचं बिल त्यांच्या नावावर, सभासदाची साखरही त्यांच्याच नावावर. शिकलेली मुलगी हे सगळं बघते आणि हिशेब करते की राबायचं आपण आणि कागदावर आपण कुठंच नाही. नोकरीवाला, पुण्यात दोन खोल्या असलेला मुलगा तिला बरा वाटतो यात तिचं काय चुकलं? सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये लग्न न जमणाऱ्या तरुणांनी नवरदेवाच्या वेशात जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. त्यांचं दुःख खरं होतं. पण ज्या मुलीला या घरात यायचंय तिला इथं काय मिळणार, हा प्रश्न त्या मोर्च्यातून सुटणारा नव्हता.

'एकावर का थांबलात' यावर फार वेळ घालवू नका. महाराष्ट्राचा प्रजनन दर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.७ होता, म्हणजे इथंही बहुतेक घरं एक-दोनवरच थांबतात. आजी-आजोबा सात हजारांहून जास्त किलोमीटरवर असताना मूल वाढवायचं तर किती मुलं हे दोघांनीच ठरवायचं. एवढं नम्रपणे सांगा आणि विषय बदला.

बाहेरच्या माणसांवरून तुमचा नवरा चिडतो, ते मला समजतं. मँचेस्टरमध्ये बाहेरची माणसं तुम्हीच आहात. पण तो टोमणा व्हिडिओ कॉलवर मारून काही साधत नाही. त्यापेक्षा आबांना त्यांच्याच रानातलं विचारा. यंदा ऊस कुणी तोडला? बहुतेक बीडकडची टोळी असेल. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल मुकादमाकडून नवरा घेतो, बाईच्या हातात वेगळी मजुरी येत नाही, आणि पहाटेच्या थंडीत मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढते ती बाईच. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत भट्टीजवळचं काम करायला उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून पोरं येतात, कारण आपल्या पोरांना ते नको असतं. ही माणसं थांबली तर कारखान्याचा पट्टा थांबेल, हे आबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यांना त्या माणसांचा राग नाही, आपलं घर ओस पडेल याची भीती आहे. त्या भीतीबद्दल बोला.

आता मुख्य गोष्ट. "तुला काय कमी आहे" हा प्रश्न ऐकायला प्रेमाचा वाटतो, पण तो फक्त मुलीला विचारला जातो. तुमचा भाऊ दुबईला गेला असता आणि चांगलं कमावत असता, तर आबांनी त्याला मसुदा पाठवला असता का? हक्क गरजेवरून ठरत नाही. महाराष्ट्रानं १९९४ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना जन्मतः हक्क दिला, पण तोवर लग्न झालेल्या मुलींना वगळून. केंद्रानं हिंदू वारसा कायद्यात केलेल्या दुरुस्तीनं ९ सप्टेंबर २००५ पासून तो भेदही गेला. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत की नको यावर पुढं बरीच वर्षं वाद चालला, तो सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात मिटवला: मुलीचा हक्क जन्मापासून, वडील हयात असोत वा नसोत.

म्हणून मसुद्यात 'वडिलोपार्जित' हा शब्द आहे का ते आधी बघा. जमीन आजोबांच्याही आधीपासून वडिलोपार्जित म्हणून चालत आलेली आणि वाटणी न झालेली असेल तर तुमचा हिस्सा आजच आहे. आबांनी ती स्वतःच्या कमाईतून घेतली असेल तर ते हयात असेपर्यंत तिच्यात तुमचा हक्क निर्माणच होत नाही, आणि नसलेला हक्क सोडता येत नाही. तसं असेल तर हे हक्कसोडपत्र कशासाठी, हेच विचारावं लागेल. सातबारा आणि आठ अ हे जमिनीचे उतारे सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात. जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, मात्र मागवून घ्या, जमीन कुठून आली ते त्यांतच कळेल.

आणखी एक गोष्ट परदेशातल्या बहुतेक लेकींना कुणी सांगतच नाही. अनिवासी भारतीयाला किंवा परदेशी नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड काढलेल्या मूळच्या भारतीयाला भारतात शेतजमीन वारशानं मिळू शकते, पण विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानंही घेता येत नाही. आज सोडलेली जमीन उद्या भावानं मनापासून परत द्यायची म्हटली तरी सरळ मार्गानं ती तुमच्या नावावर येणं अवघड आहे. ही सही परत फिरवता येणारी नाही. माझं मत विचाराल तर या दिवाळीत ती करू नका.

तुमच्या नवऱ्यालाही मला दोन शब्द सांगायचे आहेत. 'देऊन टाक' हा मोठेपणा दुसऱ्याच्या हक्काबाबत दाखवणं सोपं असतं. त्यांच्या स्वतःच्या घरच्या जमिनीचा किंवा फ्लॅटचा हिस्सा ते बहिणीच्या नावे सोडायला तयार आहेत का? उत्तर हो असेल तर त्यांचं म्हणणं मी आदरानं ऐकेन. नसेल तर बायकोच्या माहेरच्या सहीवर त्यांनी मत देऊ नये. आणि तुमच्या आई-आबांच्या औषधांची, रिपोर्टांची चौकशी करणारे फोन फक्त तुम्ही करत असाल, तर त्यातले निम्मे आता त्यांनी करावेत.

भावाची बाजूही तितक्याच मनानं ऐका. तुम्ही पौंडांत कमावता आणि तो ऊसबिलाची वाट बघतो, हे अंतर खरं आहे. तो मागं राहिला म्हणून तुम्ही निर्धास्त तिकडं राहू शकलात. रात्री आबांच्या छातीत दुखलं तर गाडी काढून सीपीआर रुग्णालयात नेणारा तोच असणार. याची किंमत मान्य करा, तोंडानं आणि पैशानंही. आई-वडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा मुलगा-मुलगी असा फरक करत नाही. हिस्सा बरोबरीचा तर जबाबदारीही बरोबरीची, आणि ही गोष्ट भावानं मागण्याआधी तुम्ही बोला. दरमहा ठरलेली रक्कम आईच्या खात्यावर पाठवा, सणाची भेट म्हणून अधूनमधून नको. उद्या घरात सांभाळायला बाई ठेवावी लागली तर तिची आठवड्याची सुट्टी आणि वेळेवर पगार ठरवून घ्या. तिच्याही घरी कुणीतरी म्हातारं माणूस तिची वाट बघत असतं, आणि परदेशातून पैसे पाठवणारी अनेक घरं हे विसरतात.

जमिनीचं म्हणाल तर नाव दोघांचं राहू दे, कसणं भावाकडं, उसाचं उत्पन्न भावाचं. विकायची वेळ आली तर दोघांच्या सह्या. दहा वर्षांनी तुम्हाला वाटलंच तर तेव्हा द्या, स्वतःच्या मनानं, कुणाच्या घाईनं नव्हे.

तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात आबा आहेत, भाऊ आहे, नवरा आहे, मुलगी आहे. आईचं मात्र एकही वाक्य नाही. तिला कुणी विचारलंय का? आबांच्या पश्चात तिचं काय, घर कुणाच्या नावावर, तिच्या हातात काय? महाराष्ट्रात १९९२ पासून लक्ष्मीमुक्ती योजना आहे. नवऱ्यानं तलाठ्याकडं अर्ज दिला की सातबाऱ्यावर त्याच्यासोबत बायकोचं नाव लागतं. हक्कसोडपत्राआधी हा अर्ज व्हावा असं मला फार वाटतं. चाळीस-पन्नास वर्षं ज्या रानात ती राबली, त्या सातबाऱ्यावर तिचं नाव तिनं हयातीत बघावं. भावालाही सांगा, स्थळ बघायला जाशील तेव्हा 'बायकोचं नाव लावणार' हे आधीच बोल. मुलीचे आई-वडील ते नक्की ऐकतील.

मुलीला काय सांगायचं? आबा जुन्या विचारांचे आहेत, गावाकडं असंच असतं, असं सांगू नका. ते खरंही नाही आणि तिला तिच्या आजोळापासून तोडणारं आहे. तिला सांगा की याच कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्याच वर्षी विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला, आणि अगदी लहान वयात विधवा झालेल्या आपल्या सुनेला, इंदुमतीदेवींना, विरोध पत्करून शिकवलं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या विधवा प्रथा बंद केल्या, आणि मग शासनानं बाकीच्या गावांना हेरवाडचं उदाहरण घ्यायला सांगितलं. हे सगळं सांगून झालं की सरळ सांगा: "माझं नाव लागायला हवं. मी आबांशी बोलणार आहे."

बोलताना क्रम पाळा. पहिल्यांदा आईशी, एकटीशी, ती गोठ्यातनं मोकळी झाल्यावर. मग भावाशी, आबा नसताना. आबांशी फोनवर नको, समोर बसून बोला, आणि फॅमिली ग्रुपवर यातलं एक अक्षरही टाकू नका. 'सुट्टी नसली तर कुलमुखत्यारपत्र पाठव' असा निरोप आला तर पाठवू नका. एखाद्या ठरावीक कामापुरतं विशेष मुखत्यारपत्र द्यावंच लागलं तर ते भारतीय वकिलातीत किंवा तिकडच्या नोटरीकडं करून, अपोस्टिल, म्हणजे तो कागद इथं मानला जावा म्हणून तिकडच्या सरकारचं प्रमाणपत्र, घेऊन पाठवा. कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. आणि कोल्हापुरात उतरल्यावर दिवाणी काम बघणारा वकील तुमचा तुम्ही गाठा, मसुदा ज्यानं लिहिलाय तो नको. सातबारा, आठ अ आणि फेरफारांच्या नकला सोबत न्या, म्हणजे पहिल्याच भेटीत जमीन वडिलोपार्जित आहे की नाही ते कळेल.