वर्षाला लाखभरात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग: बहिणीसाठी कॉलेज निवडताना

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: गाव कळंब तालुक्यात, बहिणीची अकरावी-बारावी लातूरला, सीईटीला ९१ पर्सेंटाइल, ओबीसी, घरचं उत्पन्न दीड लाख. राहण्या-खाण्यासकट वर्षाला लाखाच्या वर झेपणार नाही आणि तिला कॉम्प्युटरच करायचंय. पुण्याच्या एका खाजगी विद्यापीठातून रोज फोन येतो की पंचवीस हजार भरून सीट पक्की करा.

ते पंचवीस हजार भरू नका, हे पहिलं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालंय. पण ते मिळतं कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून, प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्याला मिळत नाही, खाजगी आणि अभिमत विद्यापीठांनाही नाही. म्हणजे फोनवरचा माणूस जी सीट विकतोय, तिथे बहिणीच्या हक्काची सगळी माफी शून्य होते. नावात 'विद्यापीठ' दिसलं की ते सरकारी, अभिमत की खाजगी, हे आधी विचारा. दरवर्षी निदान दोन-तीन घरं याच ठिकाणी फसलेली मी पाहते.

या माफीमुळे तुमचं गणितच बदलतं. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफ असलेल्या वेगळ्या जागांमागे तिने लागायची गरज नाही, त्यांचा कटऑफ बहुधा चढाच असतो. कॉलेजची फी सत्तर हजार की दीड लाख, हाही आता मुख्य प्रश्न राहत नाही. विकास शुल्क आणि इतर किरकोळ रकमा मात्र भराव्या लागतात, त्या प्रत्येक कॉलेजला लेखी मागा. खरा खर्च राहण्या-खाण्याचा. पुण्यात खोली आणि मेस मिळून महिना दहा हजार धरले तर दहा महिन्यांत तुमचा लाख तिथेच संपला, पुस्तकं आणि गावी येणं-जाणं वेगळंच. म्हणून फीच्या आधी मुलींचं वसतिगृह बघा: कॉलेजच्या आवारात आहे का, पहिल्या वर्षाला मिळतं का, मेस सक्तीची आहे का. ओबीसी मुलींसाठी शासनाची वसतिगृहं आहेत. तिथे जागा मिळाली नाही तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेचा अर्ज करा, त्यात राहण्या-जेवणाचे पैसे खात्यावर येतात. ते उशिरा येतील असं धरूनच घरची तजवीज ठेवा.

आता एक गोष्ट, जी तुमच्या लक्षात आली नसावी. होम युनिव्हर्सिटी, म्हणजे प्रवेशात आपलं 'घरचं' धरलं जाणारं विद्यापीठ, गावावरून ठरत नाही, बारावी कुठून पास झाली त्यावरून ठरते. तुमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे संभाजीनगरच्या विद्यापीठाकडे. बहिणीची बारावी लातूरची, म्हणून तिचं होम नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ. घराजवळचं धाराशिवचं तेरणा किंवा अंबाजोगाईचं एमबीईएस तिच्यासाठी 'बाहेरचं' ठरेल आणि नांदेड-लातूरची कॉलेजं 'घरची'. साधारण सत्तर टक्के जागा घरच्या मुलांना असतात, त्यामुळे हा फरक मोठा आहे.

मागच्या वर्षीची कटऑफ यादी सीईटी सेलच्या, म्हणजे ही परीक्षा आणि प्रवेश फेऱ्या घेणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, साइटवर आहे. तिच्यात सगळ्यात वरचा आकडा बघून घाबरू नका, आपला रकाना शोधा. सुरुवातीला जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. शेवटी एच म्हणजे होम, ओ म्हणजे बाहेरचं, एस म्हणजे राज्यस्तरीय. तिने 'एलओबीसीएच' बघायचा, बाहेरच्या कॉलेजांना 'एलओबीसीओ', आणि लोणेऱ्याच्या बाटू (डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ) सारख्या ठिकाणी शेवटी एस असलेला. दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी लिहून घ्या. पुण्याच्या सीओईपी आणि मुंबईच्या व्हीजेटीआय या नावाजलेल्या कॉलेजांचं कॉम्प्युटर ९१ वर येणार नाही. नांदेडचं एसजीजीएस (श्री गुरू गोबिंद सिंगजी इंजिनिअरिंग कॉलेज) अवघड आहे, तरी यादीत सगळ्यात वर टाका. खाली यवतमाळ आणि चंद्रपूरची शासकीय कॉलेजं, मग लातूरचं बिडवे, नांदेडचं एमजीएम. क्रम आवडीनेच लावा, 'मिळेल ते वर' असं करू नका, कारण पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की तो आपोआप कायम होतो, पुढच्या फेरीत बदलता येत नाही.

एसजीजीएसला कॉम्प्युटर नाही पण ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) मिळालं, तर मी ते घेईन. आयटी कंपन्या ईएनटीसीच्या मुलांनाही घेतात आणि चांगल्या कॉलेजात आजूबाजूची मुलं आपल्याला ओढून नेतात. बहिणीचं मन नसेल तर जबरदस्ती नको. एआय-एमएल, डेटा सायन्स अशी नवी नावं दिसतील. पहिल्या दोन वर्षांत कॉम्प्युटरपेक्षा फार वेगळं काही शिकवत नाहीत, त्यामुळे नावापेक्षा कॉलेज बघा.

कॉलेज बघायला जाल तेव्हा ऑफिसात बसू नका. तिसऱ्या वर्षाच्या मुली गाठा आणि विचारा: प्रॅक्टिकल स्वतः करता की जर्नल उतरवून काढता? लॅब संध्याकाळी उघडी असते का? विभागात कायमचे शिक्षक किती? प्लेसमेंटच्या फलकावर एकाच मुलाचे चार ऑफर चार वेळा मोजलेले असतात, म्हणून विभागवार यादी मागा. द्यायला टाळाटाळ केली, तर उत्तर मिळालं समजा.

कागदपत्रं आजच काढायला घ्या: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमीलेयर, अधिवास आणि जात वैधता. माझ्या मुलीच्या वेळी वैधतेचा अर्ज आम्ही बारावीची परीक्षा झाल्यावर केला. प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही, तिला खुल्या प्रवर्गात धरलं गेलं आणि तिला हवं ते कॉलेज नऊ शतांश पर्सेंटाइलने हुकलं. ती आज चांगली नोकरी करते, पण ते पंधरा दिवस मला आजही आठवतात. अर्ज केला असेल तर पोच जपून ठेवा. केला नसेल तर उद्या सकाळी बारावीच्या कॉलेजात जा.

आणि तिन्ही-चारी फेऱ्यांत मनासारखं काही लागलं नाही, तर कुठल्याही कॉलेजात इंजिनिअर व्हायलाच हवं असं नाही. लातूरमध्येच बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स तीन वर्षं, मग सीईटी देऊन दोन वर्षांचं एमसीए. एमसीएही कॅपमधूनच होतं, तिथे मुलींची माफी पुन्हा लागू होते. बीएस्सीनंतर लगेच मिळणाऱ्या नोकरीचा पगार इंजिनिअरपेक्षा कमी असतो, हे खरं. एमसीएनंतर तो फरक बराच भरून निघतो. बीसीएला मात्र २०२४ पासून वेगळी सीईटी आहे, ती दिली नसेल तर तो रस्ता यंदा धरू नका. इंजिनिअरिंग असो की बीएस्सी, एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट आहेत, ते ती आजपासून सुरू करू शकते.

कॉलेजांची यादी झाली की तिच्या रकान्यातले आकडे लिहून पाठवा, क्रम मी बघून देते.